मागे सरकण्याची पद्धत

आशुतोषनं कचऱ्याच्या पिशवीला गाठ मारली, ती उचलली, दारातल्या भिंगाला डोळा लावला, आणि पिशवी परत खाली ठेवली.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मॉसी हॅनिफन उभा होता. समोरच्या फ्लॅटमधला एकटा म्हातारा. त्याच्याही हातात कचऱ्याची पिशवी होती आणि तो हलत नव्हता. भिंगातून माणसं मधोमध फुगलेली दिसतात, त्यामुळे मॉसी एखाद्या घासलेल्या टोपात उमटलेल्या चेहऱ्यासारखा दिसत होता. रोज संध्याकाळी तो असाच उभा असायचा, नेमका यांच्या दाराकडे बघत, आणि थोड्या वेळानं पिशवीसकट घरात परत जायचा. लोक म्हणत, तरुणपणी तो बॉक्सर होता, ब्रिटनचा चॅम्पियन वगैरे. आशुतोषचा त्यावर फारसा विश्वास नव्हता, कारण मॉसीचं नाक पट्टीनं आखल्यासारखं सरळ होतं. पण डोक्यावर ठोसे खाल्लेली माणसं म्हातारपणी कुठं निघालो तेच विसरतात, असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं. नाक वाचलं, डोकं गेलं, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

"आरं आशू," सोफ्यावरून अण्णा म्हणाले, "कचरा टाकायला निघालायस का त्याला निरोप द्यायला?"

"खालचे लाइट गेलेत, अण्णा. उद्या टाकतो."

खालचे लाइट लख्ख चालू होते. आशुतोषनं पिशवी बाल्कनीत नेली. तिथं आधीच्या पिशव्या पंगतीला बसल्यासारख्या ओळीनं बसल्या होत्या, त्यांच्या शेजारी ही बसवली. तेवढ्यात खालून इलेक्ट्रिक स्कूटरची बारीक घरघर आली आणि तो खाली वाकला. आवाज लांब जाईपर्यंत कठड्यामागे, त्या पंगतीत, आपणही एक पिशवीच असल्यासारखा बसून राहिला.

हे सुरू झालं मागच्या महिन्यात. आयर्लंडमधल्या सँट्रीतल्या त्यांच्या इमारतीकडे यायला पार्कच्या कडेनं एक वाट होती. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला झुडपांचं दाट कुंपण. पलीकडे बसस्टॉप. ऑफिसातून परतताना त्या वाटेवर हुडी घातलेली तीन पोरं भेटली, इलेक्ट्रिक स्कूटरला टेकलेली. त्यातल्या एकानं अगदी मर्यादेनं विचारलं, किती वाजले. आशुतोष वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी इंजिनिअर होता. मोजमाप विचारल्यावर अंदाजे उत्तर देणं त्याच्या रक्तात नव्हतं. घड्याळात बघून तो मिनिटं सांगत होता, तेवढ्यात ठोसा बसला. चष्मा गेला. आणि आशुतोष म्हणाला, "सॉरी."

डोळ्याची सूज आठवड्यात उतरली. 'सॉरी' काही उतरेना. त्यांनी फोन घेतला नव्हता, पाकीट घेतलं नव्हतं. काही नेलं असतं तर निदान कशासाठी मारलं ते तरी कळलं असतं. "घरी जा," एवढंच त्यातला एक जण म्हणाला होता. आशुतोष घरीच चालला होता.

बायकोला, सुमेधाला, त्यानं सांगितलं, ऑफिसात काचेचं दार होतं, दिसलंच नाही. तिनं विश्वास ठेवला, कारण पुण्याच्या एका मॉलमध्ये हा प्रकार त्यानं तिच्यासमोर करून दाखवला होता, तोही साखरपुड्याच्या खरेदीला गेले असताना. मग त्यानं कंपनीचं धोरण बदलल्याचं घरात जाहीर केलं आणि घरूनच काम सुरू केलं. भाजी घरपोच यायला लागली. बाहेर जायचंच झालं तर सुमेधाच्या गाडीतून, काच वर करून.

अशात मिरजेहून अण्णा आले. पद्माकर अण्णा तरुणपणी तालमीत घुमलेले, सत्तरी उलटली तरी मान अजून बैलासारखी. गावात सांगत सुटायचे, परदेशात माझा पोरगा एकटा गडी राहतोय, वाघ हाय. या वाघाला अण्णा परत जाईपर्यंत, म्हणजे पुढच्या सोमवारपर्यंत, कसंबसं निभवायचं होतं. अण्णांना कळता कामा नये, बस. त्यातल्या त्यात नशीब म्हणजे अण्णाही बाहेर पडत नव्हते. आल्या आल्या एकदा एकटेच फिरायला गेले होते, ते लगेच परत आले. गुडघा धरला म्हणाले. तेव्हापासून आयर्लंड ते बाल्कनीतूनच बघत होते, पिशव्यांच्या वरून.

आणि मग वैदेहीचा फोन आला. वैदेही इथल्या मराठी मंडळाची कार्यवाह.

"आशुतोष, तुमच्या बिल्डिंगमध्ये बॉक्सिंगचा चॅम्पियन राहतो आणि तू इतकी वर्षं बोलला नाहीस? सुमेधा बोलली म्हणून कळलं."

"मला तरी कुठं खात्री होती? नाक सरळ आहे त्याचं."

"काय? ते जाऊ दे. शनिवारचा कार्यक्रम ठरलाय, 'आत्मसंरक्षण आणि आपण'. प्रमुख पाहुणे म्हणून त्यांना बोलवायचं. शाल, श्रीफळ. परिचय तू करून द्यायचास. त्यांनी खेळात नेमकं काय करून ठेवलंय, त्यांचं मोठेपण काय, पाच मिनिटं. आणि जरा अंगावर काटा येईल असं लिही रे. आपल्या माणसांना वाटेत गाठून मारतायत, लोक फार घाबरलेत."

"लिहितो," आशुतोष म्हणाला. मंडळाला नाही म्हणायची सोय नसते. कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये आहे आणि ती शाळा त्या वाटेच्या पलीकडच्या टोकाला आहे, हे त्याच्या लक्षात फोन ठेवल्यावर आलं. अंगावर काटा तेव्हाच आला, पण तो परिचयात वापरण्यासारखा नव्हता.

मॉसीच्या घरी जायला इमारतीबाहेर पडावं लागत नव्हतं, त्यामुळे तिथं तो उत्साहानं गेला. अण्णाही निघाले. पैलवानाला पैलवानानं भेटायला पाहिजे म्हणाले.

"मॉसी," हात पुढे करत म्हातारा म्हणाला.

"काय म्हणतोय?"

"नाव सांगतायत, अण्णा. मॉसी."

"मावशी?" अण्णांनी त्याला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "बरं. मावशी तर मावशी." आणि त्याचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. आपलं नाव इतक्या लांबवून, इतक्या मायेनं कुणी घेतल्याचं मॉसीला आठवत नसावं. तो खूश झाला आणि त्यानं चहा टाकला.

पुतणीनं त्याच्या जुन्या टेपा लॅपटॉपवर घालून दिल्या होत्या. त्यानं किताबाची लढत लावली. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. जांभळी चड्डी घातलेला बारका मॉसी आणि समोर अंगावर दार पडावं तसा एक प्रचंड मनुष्य. तिघेही सरसावून बसले.

पहिल्या फेरीत काही झालं नाही. दुसऱ्या फेरीतही काही झालं नाही, फक्त आणखी व्यवस्थित झालं नाही. तो प्रचंड मनुष्य जीव खाऊन ठोसा हाणायचा, आणि ठोसा पोचायचा तिथून मॉसी नुकताच निघून गेलेला असायचा. उधारीवाला येताना दिसल्यावर माणूस मागच्या दारानं जातो तसा, घाई न करता. मधूनच डाव्या हातानं समोरच्याच्या कपाळावर एक टपली. की परत मागे. प्रेक्षकांनी आधी हुर्यो केली, मग शिट्ट्या मारल्या, मग कागदी पेले फेकले. पहिल्या रांगेतल्या एका माणसानं पेपर उघडला. अकराव्या फेरीत त्या प्रचंड माणसानं असा काही ठोसा मारला की तो न लागल्यामुळे स्वतःच दोऱ्यांमधून बाहेर गेला आणि त्या पेपरवाल्याच्या मांडीत बसला. लढतीतला सगळ्यात जोरदार आघात तोच. शेवटी पंचानं मॉसीचा हात वर केला, तेव्हा हुर्यो इतकी मोठी झाली की लॅपटॉपचा स्पीकर फाटला.

"आटपलं?" अण्णांनी विचारलं.

"हो. जिंकले ते."

"पाठ लागली का कुणाची?"

"यात पाठ लावत नाहीत, अण्णा. गुणांवर जिंकले."

"गुणांवर दहावी पास होतात," अण्णा म्हणाले. "आमच्याकडं अशी कुस्ती लागली असती तर हलगीवाला हलगी काखेत मारून घरी गेला असता. निकाली करायची हिंमत नाही, आन् म्हणं चॅम्पियन. पळपुट्या हाय ह्यो."

"काय म्हणतायत?" मॉसीनं विचारलं.

"तुमचं पदलालित्य आवडलं म्हणतायत."

"नाही म्हणत," मॉसी हसून म्हणाला. "हा चेहरा मी जवळजवळ पन्नास वर्षं बघतोय."

आशुतोषला परिचयासाठी काहीतरी ठोस हवं होतं. मॉसीनं हातचं राखून काही ठेवलं नाही. जन्म आयर्लंडातल्या ट्रलीचा, पोटासाठी सोळाव्या वर्षी मँचेस्टर. ट्रलीतल्या पबनं त्याचा फोटो लावला होता, तो ब्रिटनचा बेल्ट जिंकला तसा उतरवला. इंग्रजांच्या राष्ट्रगीताला उभा राहिला म्हणून. इंग्रजी पेपरांनी त्याला आपल्याला झोप आणणारा आयरिश म्हटलं. "इंग्लंडमध्ये मी आयरिश होतो आणि ट्रलीत इंग्रज."

"आणि आता?"

"आता तिसऱ्या मजल्यावरचा."

"आणि बेल्ट? तो स्टेजवर ठेवता येईल."

"हॉट प्रेसमध्ये आहे."

इथं कपाटाला प्रेस म्हणतात, आणि गरम पाण्याची टाकी ज्या कपाटात असते ते हॉट प्रेस. मॉसीनं दार उघडलं. टाकीला थंडीसाठी जाड लाल जाकीट घातलेलं होतं आणि जाकिटावर, नेमका पोटावर, चॅम्पियनशिपचा बेल्ट आवळलेला होता. मधली पदकासारखी चकती वाफेनं मंद झाली होती.

"जाकिटाचा पट्टा तुटला," मॉसी म्हणाला. "हा मापात बसला."

तिघांनी काही वेळ टाकीकडे आदरानं पाहिलं. लढतीतल्या त्या प्रचंड माणसापेक्षा टाकीच चॅम्पियन जास्त दिसत होती, हे नाकारण्यात अर्थ नव्हता. अण्णांनी पुढे होऊन चकतीवरची वाफ बाहीनं पुसली.

ते तिथं रमलेत असं बघून मॉसीनं आशुतोषला स्वयंपाकघरात बोलावलं. कप विसळत, पाठ न वळवता विचारलं,

"काचेचं दार होतं म्हणे. सुमेधा सांगत होती."

"हो. ऑफिसात."

"किती दारं होती?"

आशुतोषचा हात आपोआप चष्म्याकडे गेला. "तीन," तो म्हणाला.

मॉसीनं मान हलवली. कप पुसून प्रेसमध्ये ठेवला.

"तुम्हाला भीती वाटायची का, तेव्हा?"

"प्रत्येक लढतीआधी ओकायचो. त्या अख्ख्या हॉलमध्ये सगळ्यात जास्त घाबरलेला माणूस मीच असायचो." त्यानं ओलं बोट स्वतःच्या सरळ नाकावरून वरून खाली फिरवलं. "घाबरलेला माणूस नीट बघतो, ॲश. मला माहीत होतं की ते सगळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. मोठी मोठी नावं. त्यातले जे उरलेत त्यांना आता चमच्यानं भरवतात."

परिचय लिहायला आशुतोषला तीन दिवस लागले. इंटरनेटवर मॉसी हॅनिफनचा उल्लेख एकाच ठिकाणी सापडला: सर्वांत कंटाळवाण्या चॅम्पियनांच्या यादीत, नववा. तिथंही त्याला डावललं होतं. आशुतोषनं 'रिंगमधला ढाण्या वाघ' असं लिहिलं, खोडलं, 'ज्यांच्या ठोशानं' लिहिलं, आणि ज्यांच्या ठोशानं काय झालं ते न सुचल्यामुळे पुन्हा 'ढाण्या वाघ' लिहिलं. खालून घरघर आली की पेन थांबायचं.

शनिवारी सुमेधा वड्यांचं सारण घेऊन गाडीनं दुपारीच हॉलवर गेली. या तिघांसाठी आशुतोषनं टॅक्सी सांगून ठेवली होती. अण्णांनी फेटा बांधला, तुरा काढला. मॉसीनं लग्नातला असावा असा सूट घातला. प्रश्न बेल्टचा आला. तो सोडवला तर टाकीचं जाकीट घसरून खाली बसत होतं. आशुतोष झब्बा-सलवारीत, त्याच्याकडे नाडीच. अण्णांनी क्षणभर विचार केला आणि स्वतःच्या पॅंटचा पट्टा काढून टाकीला बांधला.

"मावशीचं पाणी गार होईल," ते म्हणाले. "मी धरतो हातानं. टॅक्सीतच तर बसायचंय."

टॅक्सीवाल्यानं फेरी रद्द केली. दुसऱ्यानंही केली. तिसरा मिळेना. तिघे कॉरिडॉरमध्ये उभे होते: अण्णा एका हातानं पॅंट धरून, मॉसी सुपरमार्केटच्या पिशवीत बेल्ट घेऊन, आशुतोष छातीशी शाल आणि नारळ धरून.

"चालत जाऊ की," अण्णा जरा मोठ्यानं म्हणाले. "जवळच तर हाय."

"हो, चालतच जाऊ," आशुतोष त्याहून मोठ्यानं म्हणाला.

"ग्रँड," मॉसी म्हणाला. इथं 'ठीक आहे'ला ग्रँड म्हणतात.

लिफ्टकडे मात्र कुणीच हललं नाही. शेवटी लिफ्ट कुणा दुसऱ्यासाठी म्हणून आपणहून आली आणि दार उघडून उभी राहिली, तेव्हा आत जाण्यावाचून इलाज उरला नाही.

दिवस अजून होता, पण उजेड ताकासारखा पातळ झालेला. वाटेच्या तोंडाशी आशुतोषच्या तळव्यांना घाम फुटला. डावीकडे भिंत, उजवीकडे झुडपं. नारळाची शेंडी त्याच्या मुठीत ओली झाली. अण्णा पैलवानी चालीनं चालत होते, जेवढं पॅंट धरून चालता येतं तेवढं. अर्धी वाट झाली. वळण आलं.

वळणाच्या पुढं तीन पोरं होती. हुडी. एक स्कूटर गवतावर आडवी पडलेली. तीच पोरं का दुसरी, आशुतोषला सांगता आलं नसतं. त्याला आठवत होता तो फक्त ठोसा. त्याचे पाय थांबले. मॉसीचेही थांबले, अण्णांचेही. कुणी कुणाला थांब म्हटलं नव्हतं. कानात रक्ताचा आवाज इतका मोठा झाला की बाकी काही ऐकू येऊ नये, पण आलं.

"ओ! किती वाजले?"

त्यातल्या एकानं विचारलं होतं. अगदी मर्यादेनं.

गेल्या महिनाभरात आशुतोषनं मनातल्या मनात या पोरांना अनेकदा लोळवलं होतं. आता तर हातात नारळ होता. त्यानं तो पोटाशी धरला आणि त्याच्या ओठांवर शब्द आला, तोच, 'सॉरी'. तो त्यानं गिळला.

"आशू." अण्णांचा आवाज शेजारून आला, फार बारीक.

"हां, अण्णा."

"मावशीला विचार. ते मागं सरकायचं... त्याची पद्धत काय हाय?"

आशुतोषनं वळून पाहिलं. अण्णा सरळ समोर बघत होते. फेट्याचा तुरा थरथरत होता. वारा नव्हता.

त्यानं विचारलं. मॉसीनं पोरांवरची नजर न काढता उत्तर दिलं, ओठ फारसे न हलवता, आणि आशुतोष एकेक वाक्य मराठीत करत गेला.

"मागचा पाय आधी, अण्णा. मग पुढचा. पायात पाय येऊ द्यायचा नाही. पाठ दाखवायची नाही. त्यांच्या डोळ्यांकडे बघायचं नाही, छातीकडे बघायचं. आधी खांदा हलतो."

"बरं."

तिघे मागे सरकले. मागचा, मग पुढचा. पोरांपैकी एक पाऊलभर पुढे आला. हे पाऊलभर मागे गेले. तो थांबला. हे थांबले. त्यानं मान तिरकी केली आणि एकदम दोन पावलं टाकली. हे दोन पावलं मागे. एक फेटा, एक सूट, एक नारळ, सारखं अंतर राखून, त्याच्याकडे तोंड करून. तो हसला. मग हसू अर्धवट राहिलं. मागून त्याचा जोडीदार म्हणाला, "काय करतायत रे हे?" पुढच्यानं नीट बघायला हुडी मागे सारली. निघाला तो तोंडावर पुटकुळ्या असलेला पोरगा. कदाचित त्याला खरंच वेळ हवी होती. ते कळायला मार्ग नव्हता, आणि तिघांपैकी कुणाला तो शोधायचाही नव्हता.

वाटेच्या तोंडापर्यंत ते तसेच गेले. रस्त्यावर बस दिसली, माणसं दिसली, तेव्हा मॉसी म्हणाला, "आता वळा." मग हमरस्त्यानं, सगळ्या पार्कला वळसा घालून निघाले. मॉसी चार पावलं पुढं होता.

"गुडघा नव्हता धरला," अण्णा रस्त्याकडे बघत म्हणाले. "त्या दिवशी."

आशुतोष चालत राहिला. "काचेचं दार नव्हतं, अण्णा."

"ते ठावं हाय."

"कसं?"

"झोपेत सॉरी म्हणतोस. भिंतीतनं ऐकू येतं." अण्णांनी पॅंट वर ओढली. "दाराला कोण सॉरी म्हणतं?"

हॉलवर वैदेही दारातच उभी होती, फोन हातात. "किती उशीर! अरे, वडे गार झाले, पोरं वैतागलीयेत. चल, माईक घे, परिचय."

आशुतोष माईकपुढे गेला. खिशातून कागद काढला. 'रिंगमधला ढाण्या वाघ' असं वर लिहिलेलं होतं. तिसऱ्या रांगेत सुमेधा बसली होती. त्यानं कागदाची घडी घातली.

"हे मॉसी हॅनिफन," तो म्हणाला. "पंधरा-पंधरा फेऱ्या माणसं यांना मारायला आली. कुणाला जमलं नाही. आज आम्ही यांच्याबरोबर चालत आलो. तिघंही पोचलो."

तो थांबला. सभागृह पुढचं ऐकायला तयार बसलं होतं.

"संपलं?" वैदेही कुजबुजली.

"संपलं."

शाल झाली, श्रीफळ झालं. मग प्रात्यक्षिक. लोक खुर्च्यांच्या कडेला सरकले, मागच्यांनी फोन वर धरले. मॉसीनं हात चेहऱ्याशी नेले आणि तो स्टेजभर मागे सरकला. मागचा पाय, मग पुढचा. कोपऱ्यात आला, वळला, परत सरकला. चार फेऱ्या झाल्यावर कुणीतरी विचारलं, "मारायचं कधी?" मॉसीला त्याचं भाषांतर करून सांगितल्यावर तो जरा विचारात पडला आणि म्हणाला, त्याची शक्यतो गरज पडत नाही.

टाळ्या आल्या त्या आभारप्रदर्शनाला येतात तेवढ्याच. सवयीनं मॉसीनं मान लववली. पुढच्या रांगेत अण्णा मात्र उठून उभे राहिले आणि जोरजोरात टाळ्या वाजवायला लागले. टाळ्यांना दोन्ही हात लागतात, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. सगळा हॉल हसला. सुमेधा हसली नाही. ती स्टेजकडे बघतच नव्हती. ती आशुतोषकडे बघत होती, चष्म्याकडे, आणि मग नीट त्याच्याकडे.

त्या रात्री त्यानं तिला सगळं सांगितलं. सोमवारी अण्णा गेले. पट्टा टाकीलाच राहिला. मावशीला असू दे म्हणाले, मिरजेत पट्टे मिळतात. बेल्ट मॉसीनं टाकीवर परत चढवला नाही. तो आता टीव्हीच्या वर ठेवलेला होता.

मंगळवारी संध्याकाळी आशुतोषनं कचऱ्याच्या पिशवीला गाठ मारली आणि भिंगाला डोळा लावला. मॉसी उभा होता, पिशवी घेऊन. खालून स्कूटरची घरघर आली. आशुतोष खाली वाकला, महिनाभर वाकत होता तसाच. घरघर लांब गेली. त्यानं दार उघडलं.

मॉसी दचकला नाही.

"रोज संध्याकाळी तुझं भिंग काळं व्हायचं," तो म्हणाला. "मला वाटायचं, आता निघशील, मग जोडीनं जाऊ."

आशुतोषनं पिशवी उचलली. "बाल्कनीत आणखी आहेत," तो म्हणाला. "बऱ्याच आहेत."

"ग्रँड. आण."

त्यानं दोन्ही हातांत मावतील तेवढ्या आणल्या, दोन मॉसीला दिल्या आणि आतल्या सुमेधाला 'आलोच' म्हणून मागे दार ओढून घेतलं. लिफ्टची वाट बघताना त्याची नजर आपल्याच दाराकडे गेली. बाहेरून त्यानं ते असं कधी पाहिलं नव्हतं. भिंगात घरातला दिवा बारीक चमकत होता.

मग तो ठिपका काळा झाला, आणि लिफ्ट येऊन दार मिटेपर्यंत काळाच राहिला.